काकूंची सवत

सरांनी शोधलेल्या ग्रहाला काकू सवत म्हणायच्या. हे नाव पडलं तेव्हा मी तिथंच होते, त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. ग्रहाला त्या आठवड्यात अधिकृत नाव मिळालं होतं. नाव कसलं, ताऱ्याचा यादीतला नंबर आणि त्याच्यापुढे एक लहानसं 'बी'.

"पहिलाच सापडलाय ना? मग बी का? ए कुठं गेला?" काकूंनी विचारलं.

"ए म्हणजे खुद्द तारा," सर म्हणाले. "त्याच्याभोवती फिरणारं जे पहिलं सापडतं, त्याला बी."

काकूंनी गॅस बारीक केला. "म्हणजे ही दुसरी. तरीच म्हटलं, एवढी वर्षं हा माणूस रात्र रात्र असतो कुठं. सवत आहे मला!"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, सवत कशी आहे?"

मी तेव्हा पंचविशीत होते आणि सरांची एकुलती एक विद्यार्थिनी होते. वेधशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर होती आणि आमची खोली तिच्या पायथ्याशी, एका लांबट इमारतीत. खोलीत तीन टेबलं होती. एक सरांचं, एक माझं, आणि तिसऱ्यावर कागदांचा एवढा ढीग असायचा की त्याखालचं टेबल मी कधीच पाहिलं नाही. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. ते दिवस आठवले की मला आधी वास आठवतो. हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावला की आतली धूळ जळायची, तो वास. प्रिंटरच्या गरम कागदाचा. आणि सरांच्या तपकिरी स्वेटरचा, जो धुवायला टाकायचा तर काकूंना तो सर झोपेत असताना पळवावा लागायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर तो दिसत नाही, ताऱ्याच्या उजेडात हरवून जातो. पण तो ताऱ्याला ओढतो. "लहान मुलाचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवलंस, तर तूही मागं झुकतेस ना?" सर समजावायचे. "तारा तसाच झुकतो. जरासा आपल्याकडे येतो, जरासा लांब जातो. मूल दिसत नसलं तरी झुकणाऱ्या माणसावरून ओळखायचं." ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. तारा पुढंमागं झाला की त्या रेषाही केसभर सरकतात. केसभर म्हणणंसुद्धा फार झालं.

ते सरकणं मोजणारं यंत्र दुर्बिणीच्या खाली, तळघरातल्या बंद खोलीत होतं. तिथलं तापमान वर्षभर एकच ठेवावं लागे. माणूस आत गेला तर त्याच्या अंगाच्या उबेनंही धातू फुगायचा आणि मोजमाप बिघडायचं. खोलीच्या जाड लोखंडी दारावर सरांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली होती: "आत जाण्यापूर्वी विचार करा. मग जाऊ नका." दुरुस्तीसाठी जायची वेळ आलीच तर सर एकटे जायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या अंगात ऊब असली तर धातू फुगेल!"

काकू औषधांच्या दुकानात काम करायच्या. डॉक्टरांची भयंकर अक्षरं वाचणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. सरांचे गिचमिड कागदही त्या मला वाचून दाखवायच्या, अर्थ कळत नसतानासुद्धा. आभाळ निरभ्र असलं की त्या नाराज. ढग आले की खूश, कारण ढगाळ रात्री नवरा घरी. धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्या एकट्या गेल्या. सर पोचले ते पंगत उठल्यावर, चुरगळलेल्या कपड्यांत, आणि नव्या नवरीला म्हणाले, "काल हवा इतकी छान होती!" ही गोष्ट काकूंनी मला निदान वीसदा सांगितली असेल आणि दर वेळी त्यांचा आवाज 'छान'वर तसाच चढायचा.

ग्रह सापडल्याची बातमी छापून आली तेव्हा आमच्या खोलीत फोन वाजायचा थांबेना. शाळांमधून पाकिटं यायला लागली. मुलांनी ग्रहाची चित्रं काढून पाठवली होती. जांभळे समुद्र, तीन कानांचे प्राणी, दारात उभं राहून हात हलवणारी माणसं. सर कुरकुरायचे, "अगं, तिथं उभं राहायला जमीनच नाही. नुसता वायूचा गोळा आहे तो." पण चित्रं त्यांनीच घरी नेली. काकूंनी ती फ्रिजच्या दारावर लावली. "सवतीचं माहेर," त्या पाहुण्यांना दाखवायच्या.

मग माझं शिक्षण संपलं आणि मी लांबच्या एका संस्थेत नोकरीला लागले. लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे व्हायला लागले. सर निवृत्त झाले. वर्षातून एकदा तरी मी त्यांच्याकडे जायचे, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायचे. आता ग्रह शेकड्यांनी सापडत होते. सरांचा ग्रह मोठ्या यादीतला एक जुना, मान्यवर रहिवासी झाला होता.

माझ्या संस्थेत आम्ही एक नवं यंत्र बांधलं. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश ते वाचायचं. नवं यंत्र आधी ओळखीच्या ताऱ्यांवर चालवून बघतात. मी अर्थातच सरांचा तारा निवडला. खरं सांगायचं तर जरा लाडानंच निवडला. पहिली आकृती छापून त्यांना भेट द्यायची, असं मनात होतं.

तारा हललाच नाही. म्हणजे हलला, पण नावापुरता. सरांनी मोजलं होतं त्याच्या पाव हिश्शानंही नाही.

आधी मी यंत्राला दोष दिला. मग आमच्या प्रोग्रॅमला. मग स्वतःला. दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह त्याच यंत्रात व्यवस्थित दिसत होते. कित्येक महिने मी चूक शोधत राहिले, आणि ती आपल्याच पदरात सापडावी अशी आस लावून शोधत राहिले. शेवटी मला ते मान्य करावंच लागलं. ग्रह खरा असेल तर तो ताऱ्याला ओढतो, आणि ओढलेला तारा सगळ्या रंगांत सारखाच हलायला हवा. एका रंगात जास्त, दुसऱ्यात कमी, असं होत असेल तर हलतंय ते काहीतरी वेगळं. ताऱ्याच्या पृष्ठभागावर काळे डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरतो तसे डाग समोर येतात, मागं जातात, आणि रेषा सरकल्याचा भास होतो. साध्या प्रकाशात डाग गडद दिसतात, माझ्या यंत्राच्या प्रकाशात फिके. म्हणून भासही फिका.

"त्यांना ईमेल कर," माझा सहकारी म्हणाला. "सोबत पेपरचा मसुदा जोड. व्यावसायिक मार्ग तोच."

"मी त्यांच्या घरी जेवून मोठी झालेय," मी म्हटलं आणि आगगाडीचं तिकीट काढलं.

गेले तेव्हा दुपार होती. काकू टेबलाशी मटार सोलत होत्या. सर खुर्ची ओढून माझ्या समोर बसले, माझ्या मुलीची चौकशी केली, नव्या यंत्राची केली. मी दोन्हीबद्दल थोडं थोडं बोलले. चहा झाला. बॅगेत आकृत्या होत्या आणि बॅग मी पायाशी घट्ट धरून बसले होते, कुणी पळवून नेईल अशी.

मग काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "काय गं, सवत कशी आहे?"

मी बॅग मांडीवर घेतली. काकूंचे हात थांबले.

"सर," मी म्हटलं, "नव्या यंत्रात तो दिसत नाही."

"कोण दिसत नाही?"

"आपला ग्रह."

सर खुर्चीत पुढं सरकले. मग त्यांनी वाचायचा चष्मा लावला आणि हात पुढं केला. मी आकृत्या दिल्या. पुढचा तासभर मी पुन्हा पंचविशीची झाले. त्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. यंत्राचं तापमान किती स्थिर होतं? कुठले तारे तुलनेला घेतलेस? रेषांचा नुसता सरकाव पाहिलास की आकारही? आकार एका बाजूला झुकतोय का? मी सगळ्याची उत्तरं दिली. एका तरी प्रश्नावर आपण अडखळावं असं मला परीक्षेत पहिल्यांदाच वाटत होतं. अडखळले नाही. त्यांनीच शिकवलं होतं ना.

शेवटी त्यांनी कागद एकावर एक नीट रचले, टेबलाच्या कडेशी समांतर केले, आणि म्हणाले, "काम चांगलं आहे." मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी आमचं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे यंत्राला दिसत नाही, का ती नाहीच?" त्यांनी विचारलं.

"नाहीच, काकू. कधीच नव्हती."

त्यांनी समोरचं मटारचं भांडं लांब सारलं. "नव्हतीच?" त्यांचा आवाज चढला, पण मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, दाराकडे बघून त्या हळू बोलायला लागल्या. "अगं, मग मी एवढी वर्षं भांडले कुणाशी? बहिणीच्या लग्नात एकटी मिरवले. सिनेमाला एकटी गेले. तापानं फणफणले होते तेव्हा हे टेकडीवर. मी म्हणायचे, जाऊ दे, कुणीतरी आहे ना तिकडे. खरीखुरी आहे, पेपरात नाव आलंय, पोरांनी चित्रं काढलीत. मी मनाची समजूत घातली होती गं! आणि तू आज येऊन सांगतेस, ती नव्हतीच?"

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला. पण थोड्या वेळानं मटारचं भांडं माझ्याकडे ढकललं आणि म्हणाल्या, "सोल. नुसती बसू नकोस." आम्ही दोघी सोलत बसलो. मध्येच त्यांना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. "सवत होती तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "नसलेल्या बाईवर कुणी रागवायचं कसं?"

सर जेवायला आले नाहीत. मी आणि काकूंनी जेवून घेतलं.

सकाळी मी उठले तर सर टेबलाशी बसलेले होते, अंगात तोच तपकिरी स्वेटर, कोपरांवर आता ठिगळं. माझ्या आकृत्यांवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"माझी जुनी निरीक्षणं घेतलीस का यात?"

"छापलेली होती तेवढी घेतली."

"छापलेली निम्मीसुद्धा नाहीत. नंतरची सगळी माझ्याकडे आहेत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मधली दोनतीन वर्षं अशी गेली की हालचाल जवळजवळ मिळायचीच नाही. मी म्हणायचो हवा खराब होती. यंत्र जुनं झालं होतं. ती आकडेवारी मी वापरलीच नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "डाग कमी झाले असतील त्या वर्षांत," मी म्हटलं.

"असतीलच. आपल्या सूर्याचेही होतात." त्यांनी चष्मा वर सरकवला. "हा पेपर तू एकटीनं लिहू नकोस. मला बरोबर घे. ज्यानं शोधला त्यानंच तो मागे घेतलेला बरा."

त्या हिवाळ्यात मी जमेल त्या शनिवारी गाडी पकडून त्यांच्याकडे जायचे. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे शनिवार होते, असं आज वाटतं. पुन्हा समोरासमोर बसून काम, पुन्हा सरांचं पेन्सिल कानामागं खोचणं, पुन्हा "इथं अवतरणचिन्हं का? नीट वाक्य लिही." फरक एवढाच की आता अधूनमधून मीही त्यांच्यावर खेकसायचे आणि ते निमूट ऐकायचे. जुन्या टेपवरची आकडेवारी वाचायला जुनं यंत्र लागायचं, ते एका कॉलेजच्या अडगळीत मिळालं. त्यातून आकडे बाहेर आले तेव्हा सर लहान मुलासारखे खूश झाले. हालचाल वर्षावर्षानं वाढायची, ओसरायची, परत वाढायची. ग्रह असा वागत नाही. डाग वागतात. "अगं, हा तारा श्वास घेतोय!" ते म्हणाले. "आणि मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी कोण बसलंय तेच बघत राहिलो."

काकू मात्र आमच्याशी अबोला धरून होत्या. चहा मिळायचा, पण कप टेबलावर आदळून. सवतीचं नाव घरात निघेना. एका शनिवारी त्या कप ठेवून गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या.

"डाग डाग म्हणताय ते काय आहे, मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "मी ज्याच्यासाठी रात्री काढल्या ते काय होतं, एवढं तरी कळू दे."

सर उठले. फळांच्या टोपलीतून एक संत्रं घेतलं, पेननं त्याच्यावर एक मोठा ठिपका काढला आणि खिडकीतल्या उजेडात धरून हळूहळू फिरवलं. "हा डाग या कडेला आला की त्या बाजूचा उजेड कमी. मग आम्हाला वाटतं तारा आपल्यापासून लांब चालला. पलीकडच्या कडेला गेला की वाटतं जवळ आला. तारा जागचा हललेलाही नसतो."

काकूंनी संत्रं हातात घेतलं, स्वतः दोनदा फिरवून पाहिलं. "म्हणजे त्यानं तुम्हाला फसवलं."

"त्यानं कशाला फसवायचं? तो स्वतःभोवती फिरत होता. वाचायला मी चुकलो."

"डॉक्टरांचं अक्षर वाचताना मी चुकले असते तर माणूस दगावला असता," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर तू औषधाच्या दुकानात होतीस आणि मी टेकडीवर."

काकूंनी संत्रं सोललं आणि आम्हा दोघांना फोडी दिल्या. त्या दिवशी कप आदळला नाही.

पेपर वसंतात छापून आला. दोनच नावं होती, माझं आणि सरांचं. मोठ्या यादीतून आमचा ग्रह काढून मागे घेतलेल्यांच्या यादीत टाकला गेला. फोन वगैरे वाजले नाहीत. पण महिन्याभरानं आमच्या संस्थेनं तरुण संशोधकांची एक कार्यशाळा भरवली, डाग आणि ग्रह यांतला फरक कसा ओळखायचा यावर, आणि सगळ्यांनी एकमुखानं सरांना बोलवायचं ठरवलं. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मी येतो, पण हिलाही आणतो. हिनं कधी माझं भाषण ऐकलेलं नाही."

खरंच ऐकलं नव्हतं. काकू शेवटच्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. सर पाऊण तास बोलले. कुठं घाई केली, कुठली वर्षं हवेच्या माथी मारली, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी एका मुलीनं हात वर केला. "सर, हे कळलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटलं ना," सर म्हणाले. "दोन दिवस अन्न गोड लागलं नाही."

"एक दिवस," मागून काकूंचा आवाज आला. "दुसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतलं."

सगळा हॉल हसला. सरही हसले. मागच्या रांगेकडे पाहत उभे राहिले. "हे काम करायला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "एक टेकडीवर आणि एक घरी. पेपरावर नाव एकाचंच येतं. हेही मी मोजायचं विसरलो." मग ते घाईघाईनं कागद गोळा करायला लागले. काकू पर्सची चेन उघडत मिटत बसल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही तिघं संस्थेच्या आवारातून चालत पाहुण्यांच्या खोल्यांकडे निघालो. अजून उजेड होता. काकू आमच्या मध्ये होत्या.

"मग आता त्या ताऱ्याला कुणीच नाही?" त्यांनी विचारलं.

"असेलही," सर म्हणाले. "लहानसं कुणी. डागांच्या गोंधळात आम्हाला दिसणार नाही इतकं लहान. डाग वजा करता आले तर दिसेल कदाचित. फार किचकट आहे ते. वर्षं लागतील."

"मग लागू देत. घरी बसून करताय काय? माझ्या डोक्याशी कटकट नुसती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दुर्बिणीचा वेळ मी मिळवते."

"आणि एक," काकू म्हणाल्या. "या वेळी सापडली तर नाव मी ठेवणार नाही. तुम्ही दोघं बघा काय ते."

चार वर्षं आम्ही त्या ताऱ्यावर काम केलं. काही सापडलं नाही. पाचव्या वर्षी सर गेले, फार त्रास न होता, दवाखान्यात, काकू शेजारी असताना. आदल्या दिवशी मी भेटले तेव्हा त्यांनी मला एक सुधारणा सुचवली होती, डाग वजा करायच्या पद्धतीतली. ती बरोबर होती.

काकू आता धाकट्या बहिणीकडे असतात. मी रविवारी फोन करते. त्या माझ्या मुलीबद्दल विचारतात, बहिणीच्या कागाळ्या सांगतात, आणि मी ठेवते म्हटलं की म्हणतात, "थांब गं, अजून एक सांगायचं राहिलं." काम अजून चालू आहे. कार्यशाळेत हात वर करणारी ती मुलगीच आता ते बघते.